प्रश्न तुमचे : खड्ड्यातला कोळसा, शेगडीतला कोळसा

या वेळी आलेल्या पत्रांत कोळशाचीच पत्रे जास्त आहेत. खाणीतल्या दगडी कोळशाशी आपल्याला इथे कर्तव्य नाही. लाकूड किंवा करटी (नारळाची करवंटी) हवेवाचून भाजून जो होतो त्या लोणारी कोळशाबद्दलच हे सगळे. तो किती तापला आणि विझवला कसा, यावर पुढे तो कशाच्या उपयोगाचा ते ठरते. बागेला उत्तम असलेला कोळसा व्यापारी परत पाठवील, आणि व्यापाऱ्याने वाखाणलेला कोळसा पाण्याच्या मडक्यात फारसे काही करणार नाही.

आमचे कुळागर (पोफळी-माडांची बाग) आहे. करट्या, झावळ्यांचे देठ, छाटलेल्या फांद्या दरवर्षी साठतात आणि शेवटी जाळल्या जातात. त्यांचा कोळसा करून पोफळींना घातला तर फायदा होतो म्हणतात. भट्टी न बांधता तो करता येईल का? किती घालावा?
— एक बागायतदार, फोंडा तालुका

करता येतो. शंकूच्या आकाराचा साधा खड्डा पुरतो: वर चार फूट रुंद, मधोमध दोन फूट खोल, कडा तिरक्या आणि चोपून घट्ट केलेल्या. सरळ भिंतींचा खड्डा घेऊ नका. कोपऱ्यांतला माल ज्वाळेपासून दूर पडतो आणि धुमसत राहतो. स्वित्झर्लंडमधल्या इथाका संस्थेने २०१४ मध्ये याच आकाराची लोखंडी भट्टी ‘कॉन-टिकी’ या नावाने पुढे आणली. खड्डा म्हणजे तिचेच बिनखर्ची रूप.

सगळी युक्ती ज्वाळेत आहे. लाकूड तापले की आधी पाणी उडते, मग साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान त्यातून जळणारे वायू जोराने सुटतात. हे वायू वर पेट घेतात आणि खाली जाऊ पाहणारा प्राणवायू तिथेच खर्ची पडतो. ज्वाळेखालच्या निखाऱ्यांना हवा मिळत नाही, म्हणून त्यांची राख होत नाही. धूर दिसला की समजावे, ज्वाळेचा हा पडदा कुठेतरी फाटला.

माल चांगला वाळलेला हवा. दोन काठ्या एकमेकींवर आपटल्या आणि खणखणीत वाजल्या तर त्या वाळल्या. बद्द आवाज आला तर अजून पंधरा दिवस उन्हात. मनगटाहून जाड लाकूड नको. करट्या फोडून घ्या. एकात एक बसलेल्या करट्यांची चवड आतून कच्चीच राहते. जानेवारीपासून पावसाळ्यापूर्वीपर्यंत हे काम करावे, पण काजूच्या मोसमात रानातले गवत वाळून कोळ झालेले असते. खड्ड्याभोवती पाच मीटर जागा खरवडून साफ करा आणि वारा सुटला असेल तर त्या दिवशी काडी लावूच नका.

तळाशी बारीक काटक्यांचा चौकोनी मनोरा रचा आणि तो वरून पेटवा. खालून पेटवला तर वरच्या काटक्यांचा धूर न जळताच निघून जातो. निखाऱ्यांचा तळ तयार झाला की पातळ थर पसरत जायचे. पुढचा थर कधी, हे निखारेच सांगतात: त्यांच्या कडांवर राखेची पांढरी साय धरू लागली की लगेच. उशीर झाला तर कोळशाची राख होते. घाई केली किंवा एकदम ढीग टाकला तर आग गुदमरते आणि पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो. अशा वेळी वरचा माल थोडा बाजूला ओढावा. दोन-तीन तासांत खड्डा भरतो. साधारण २०० किलो सुक्या मालातून ४० किलो कोळसा निघतो.

विझवताना बहुतेकांची चूक होते. जवळ २०० लिटर पाणी आधीच भरून ठेवा. वाऱ्याच्या पाठीशी उभे राहून, वाफ अंगावर येणार नाही अशा बेताने पाणी ओता, मग फावड्याने तळापर्यंत उलथून पुन्हा ओता. तळाचा कोळसा हाताला गार लागेपर्यंत हे सोडायचे नाही. एक निखारा जरी आत राहिला तरी सकाळी खड्ड्यात राखच सापडते.

काजूबियांची टरफले यात अजिबात घालू नका. त्यांतल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला भाजून काढतो, तेल अंगावर उडाले तर फोड येतात. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, प्लास्टिकच्या दोऱ्या यांनाही बंदी.

ताजा कोळसा तसाच मुळाशी घातला आणि पाने पिवळी पडली, तर दोष कोळशाचा नाही, घाईचा आहे. नवा कोळसा मातीतले नत्र स्वतःकडे ओढून धरतो. आधी तो ओला असतानाच, धूळ न उडवता, एक सेंटिमीटरपेक्षा बारीक फोडा. मग कुजलेल्या शेणखतात किंवा कंपोस्टमध्ये मापाला माप मिसळून, गोमूत्र किंवा शेणाच्या पाण्याने ओलसर ठेवून, तीन-चार आठवडे सावलीत झाकून ठेवा. ढिगाला अमोनियाचा उग्र वास आला तर नत्र उडून चालले आहे: कोळसा अल्कधर्मी असतो आणि ताजे मूत्र किंवा युरिया जास्त पडला की असे होते. थोडा पालापाचोळा मिसळून ढीग उलथावा.

मात्रा चौरस मीटरला अर्धा ते एक किलो कोरडा कोळसा. पोफळीच्या खोडाभोवती पाऊण मीटर त्रिज्येचे आळे धरले तर पावणेदोन चौरस मीटर जागा होते, म्हणजे झाडाला एक ते पावणेदोन किलो. माडाचे आळे मोठे, १.८ मीटर त्रिज्येचे. तिथे सुरुवातीला पाच किलो पुरे. वरच्या चार-सहा इंच मातीत हलक्या हाताने मिसळा. नुसता वर पसरलेला कोळसा पहिल्याच मोठ्या पावसात पाटातून वाहून जातो.

आता अपेक्षा किती ठेवावी? अनेक देशांतल्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उष्ण कटिबंधात पिकाचे उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांनी वाढलेले दिसले, समशीतोष्ण प्रदेशात मात्र सरासरी वाढ जवळपास शून्य. कारण उघड आहे: उष्ण प्रदेशातली माती बहुधा आम्ल आणि धुपून निकस झालेली, आणि कोळसा तिचा आम्लपणा उतरवतो. आपली जांभ्याची माती याच जातीची आहे, म्हणून इथे आशा धरायला जागा आहे. पण २५ ही सरासरी आहे. काही शेतांत काहीच फरक पडलेला नव्हता. आधी माती तपासून घ्या. जुने गोवे येथे एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करता येईल. सामू (पीएच) सातच्या वर असेल तर कोळसा घालू नका. अननसाच्या वाफ्यातही नको, त्याला आम्ल मातीच मानवते. दहा पोफळींना घाला, शेजारच्या दहांना नुसते तेवढेच शेणखत द्या, आणि दोन-तीन मोसम तोलून बघा. कोळसा मातीत दीर्घकाळ टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या माणसांनी केलेल्या काळ्या मातीत तो शेकडो वर्षांनंतरही सापडतो. म्हणजे जास्त घातला तर परत काढता यायचा नाही.

करट्यांचा कोळसा करून सक्रिय कोळशाच्या (पाणी गाळायला वापरतात त्या) कारखान्याला विकायचा विचार आहे. पिंपात केलेला कोळसा ‘कच्चा’ म्हणून परत आला. कस कसा पाहतात?
— एक वाचक, काणकोण

वर सांगितलेला खड्डा या कामाला चालणार नाही, कारण पाण्याने विझवलेला कोळसा ओलावा धरून बसतो आणि व्यापारी ओलाव्याचे पैसे देत नाही. इथे पिंपच बरे, पण ते हवा कोंडून विझवायचे.

कस चार आकड्यांत सांगतात. ओलावा: नमुना १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून किती घटला ते. उडून जाणारा भाग: झाकणाच्या मुशीत, हवेवाचून, सुमारे ९०० ते ९५० अंशांवर सात मिनिटे ठेवून. राख: उघड्यावर पूर्ण जाळून. या तिन्हींची बेरीज शंभरातून वजा केली की उरतो तो स्थिर कार्बन. करटीच्या चांगल्या कोळशात स्थिर कार्बन ७५ टक्क्यांच्या वर, उडणारा भाग १५ च्या आत आणि राख दोन-तीन टक्के असते. ‘कच्चा’ म्हणजे उडणारा भाग जास्त. तुम्ही पिंप लवकर बंद केलेत.

बंद करण्याची वेळ धुरावरून कळते. सुरुवातीचा दाट पांढरा धूर म्हणजे बहुतांशी वाफ. मग पिवळसर, डांबरी वासाचा. शेवटी तो विरळ आणि निळसर होतो, तोंडाशी हवा थरथरताना दिसते. तेव्हा खालची भोके आणि वरचे झाकण चिकणमातीने लिंपून टाका. पिंप रात्रभर गार होऊ द्या. कोमट असताना झाकण उघडले की आत हवा शिरते आणि सगळा माल डोळ्यांदेखत लाल होतो.

घरच्या घरी परीक्षा अशी: तुकडा फरशीवर टाका, धातूसारखा किणकिणला पाहिजे. मोडल्यावर कड काळीभोर, चकचकीत दिसावी. बोटांना तपकिरी डाग पडला तर कच्चा. पृष्ठभाग पांढुरका आणि तुकडा भुसभुशीत असेल तर जास्त जळला.

हिशोबही करून ठेवा. १०० किलो सुक्या करट्यांतून २५ ते ३० किलो कोळसा येतो. एका नारळाची सुकी करटी साधारण १५० ग्रॅमची, म्हणजे किलोभर कोळशाला २२ ते २७ नारळांच्या करट्या लागतात. सोडणाचे (काथ्याचे) धागे आधी काढा, ते धूर वाढवतात आणि राखही.

दोन इशारे. नवा कोळसा लगेच पोत्यांत भरून थप्पी लावू नका. तो हवेतला प्राणवायू शोषतो, त्यात उष्णता निर्माण होते आणि थप्पीच्या पोटात आपोआप आग लागू शकते. पातळ पसरून किमान २४ तास उघडा ठेवा, पावसापासून जपून. दुसरे, भारतीय वन कायदा, १९२७ मध्ये कोळसा हा वनोपज धरला आहे, मग तो जंगलातून आणलेला असो वा नसो. गाडी भरण्याआधी वनखात्याच्या कचेरीत वाहतुकीच्या परवान्याविषयी विचारा.

आमच्या विहिरीचे पाणी काढल्यावर स्वच्छ दिसते, तासाभराने तांबूस होते. मडक्यात वाळू आणि शेगडीचा कोळसा घालून गाळतो. ते पिण्याजोगे होते का?
— एक वाचक, डिचोली

दोन वेगळे रोग एकाच औषधाने बरे करायचा हा प्रयत्न आहे.

तांबूसपणा लोहाचा. जमिनीखाली ते विरघळलेले, रंगहीन असते. हवा लागली की गंजासारखे होऊन तळाशी बसते. त्यावर कोळशाचा उपयोग जवळजवळ नाही. पाणी उंचावरून पातळ धारेने, किंवा भोके पाडलेल्या थाळीतून, दुसऱ्या भांड्यात पाडा, रात्रभर निवळू द्या आणि मग वाळूतून गाळा. वाळूचा वरचा तांबडा थर आठवड्याला खरवडून धुवायचा.

कोळशाचे काम वेगळे आहे. रंग, वास, क्लोरीन, काही कीटकनाशके यांचे कण तो आपल्या पृष्ठभागावर चिकटवून धरतो. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोव्हिट्झने कोळशाने द्रावणांचा रंग जातो हे दाखवले, आणि पुढे साखर पांढरी करणाऱ्यांनी त्याचा धंदा केला. पण शेगडीच्या कोळशाची छिद्रे डांबराने अर्धी बुजलेली असतात. करटीचा कोळसा ८०० ते १००० अंशांवर वाफेत पुन्हा भाजला की ती छिद्रे मोकळी होतात आणि नवीही पडतात. तोच सक्रिय कोळसा. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतात. करटीला जगभर मागणी आहे ती तिच्यात अतिशय बारीक, दोन नॅनोमीटरच्या आतली छिद्रे भरपूर पडतात म्हणून.

तरीही मीठ, नायट्रेट, पाण्याचा जडपणा आणि जंतू यांना सक्रिय कोळसाही पुरा पडत नाही. उलट जुन्या कोळशावर जंतूंची वस्तीच होते. गाळून झाल्यावर पाणी उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. विहिरीत क्लोरीन घालत असाल तर कोळसा ते खाऊन टाकतो, म्हणून कोळशाची गाळणी पिण्याच्या अगदी आधी ठेवा, साठवणीच्या टाकीआधी नको. पाणी कोळशात दहा मिनिटे तरी राहायला हवे: पाच लिटरचा थर असेल तर तासाला ३० लिटरपेक्षा जास्त सोडू नका. कोळसा भरण्याआधी पाणी काळे निघायचे थांबेपर्यंत धुवा. वास पुन्हा येऊ लागला की तो संपला. धुऊन किंवा उन्हात ठेवून तो पुन्हा कामाचा होत नाही.

काळी टूथपेस्ट आणि ‘पोट साफ करणाऱ्या’ कोळशाच्या गोळ्या घ्याव्यात का?
— एक वाचक, मडगाव

पेस्टने दात पांढरे वाटतात कारण ती घासते, आणि घासले गेलेले दाताचे कवच पुन्हा येत नाही. गोळ्यांचे म्हणाल तर कोळसा पोटात विष आणि औषध असा भेद करत नाही. रक्तदाबाची किंवा इतर कुठली गोळी त्याच सुमारास घेतली असेल तर तीही धरून ठेवील. रुग्णालयात काही विषबाधांवर तो देतात, मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ५० ग्रॅम, शक्यतो विष पोटात गेल्यापासून तासाभरात. एवढ्या मात्रेपुढे दोन गोळ्या म्हणजे काहीच नाही. दारू, रॉकेल, ॲसिड, लोहाच्या गोळ्या यांवर तो चालत नाही, म्हणून घरी प्रयोग नको.

बाळंतिणीच्या खोलीत आमच्याकडे निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. निखाऱ्यांना धूर नसतो, मग डॉक्टर का ओरडतात?
— एक वाचक, पेडणे

धूर नसतो म्हणूनच. धूर असता तर खोकला आला असता, कुणीतरी खिडकी उघडली असती. फुललेल्या निखाऱ्यांवर नाचणारी निळी ज्योत पाहिली असेल. ती कार्बन मोनॉक्साइडची. जो वायू तिथे जळत नाही तो खोलीत पसरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, म्हणून हवेत थोडासा असला तरी रक्तात साठत जातो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे. बाळंतीण आधीच थकलेली, तान्हे बाळ सांगू शकत नाही, आणि पावसाळी गारवा म्हणून दारे-खिडक्या लावलेल्या.

शेक द्यायचाच असेल तर शेगडी अंगणात किंवा उघड्या पडवीत ठेवा, कापड तिथे तापवा आणि ते खोलीत न्या. ओवा-बाळंतशोपांची धुरी हवी असली तरी निखारे खोलीत राहू देऊ नका. धुरीने वास येतो, वायू जात नाही. फट ठेवलेली खिडकी पुरत नाही. दोघांना एकाच वेळी गुंगी आली तर आधी बाहेर काढा, मग १०८ ला फोन करा. कारण शोधत खोलीत थांबू नका.

बांधकामाच्या पायात, जांभ्याच्या थराखाली कोळशाचे तुकडे सापडले. त्यांचे वय कसे काढतात?
— एक विद्यार्थिनी, सांगे

१९४९ मध्ये विलर्ड लिबी यांनी मांडलेल्या कार्बन-१४ पद्धतीने. तिच्यासाठी त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ घेत राहते. मेल्यावर, आणि आतल्या जुन्या वलयांत त्याआधीच, पुरवठा थांबतो आणि आतला साठा ५७३० वर्षांनी निम्मा होतो. साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजायला काही उरत नाही. तुमच्याच तालुक्यातल्या उसगाळीमळच्या कातळशिल्पांना ही पद्धत थेट लावता येत नाही, कारण ती जांभ्यात कोरलेली आहेत आणि दगडात मोजण्याजोगे काही जिवंत नव्हते. कोळसा मात्र आदर्श नमुना.

निघालेले उत्तर झाड मेल्याचे नसून त्या लाकडाचा तो वलयाचा भाग वाढल्याचे असते, हे विसरू नका. दोनशे वर्षांच्या सागाच्या गाभ्याचा तुकडा असेल तर चूल पेटल्याच्या आधीची दोनशे वर्षे जमेस येतात. म्हणून जाड तुकड्यापेक्षा बारीक डहाळी बरी, आणि जळलेला भाताचा दाणा मिळाला तर त्याहून बरा. तुकडा लाकडाचा असेल तर तो ताजा मोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. वाहिन्यांची मांडणी कोळसा झाल्यावरही टिकते आणि झाडाची जात ओळखता येते.

आणखी तुकडे उकरू नका. जागेचा फोटो, पृष्ठभागापासूनची खोली आणि मातीचा रंग लिहून ठेवा. सुटे पडलेले तुकडे हाताने न धरता स्वच्छ चिमट्याने ॲल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळा. कापूस आणि कागद नको, त्यांचे धागे आजचा कार्बन मिसळतात. त्याच कारणाने तुकड्यात घुसलेली केसासारखी मुळे प्रयोगशाळेत आधी वेचून काढतात आणि मग नमुना आम्ल, अल्क, पुन्हा आम्ल असा धुतात. नवी दिल्लीचे आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्र, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि लखनौची बीरबल साहनी संस्था येथे असे काम होते. त्वरकाच्या, म्हणजे कार्बनचे अणू थेट मोजणाऱ्या, पद्धतीला मिलिग्रॅमभर कार्बनही पुरतो, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तरी नमुना स्वतः पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याला जागा दाखवा. थर कळल्याशिवाय नुसत्या आकड्याला फारसा अर्थ नाही, आणि पाया भरला गेला की तो थर पुन्हा दिसणार नाही.